दिगूचं आवतन

त्या वर्षी आमच्या घरात एक परका माणूस मुक्कामाला होता. तो एका लांबच्या वाळवंटी देशाचा अध्यक्ष होता. प्रत्यक्षात तो आपल्या महालातच बसला असणार, पण आमच्याकडे भाकरी थापताना, बैलांना ढेप चारताना, अंबाडीच्या भाजीला फोडणी देताना त्याच्याशिवाय दुसरा विषय नसे. त्याचं नाव गावात एकालाही धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे त्याला नुसतं 'अध्यक्ष' म्हणत. झरी जामणीकडच्या जंगलाला टेकलेलं आमचं एवढंसं गाव, एस.टी. मनात आलं तर यायची. अशा ठिकाणी हा माणूस ठाण मांडून बसला, त्याचं कारण माझा थोरला भाऊ दिगू. पुसदला मोटारीचं काम शिकून तो एका एजंटामार्फत त्या देशात गेला होता आणि तिथे रस्त्याच्या कामावर क्रेन चालवत होता.

दिगूला लिहायचा भारी कंटाळा. तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. सुट्टीवर येणारा कोणीतरी ती यवतमाळपर्यंत आणायचा आणि तिथून ती हातोहात आमच्या घरी पोचायची. दिगूनेच पहिल्या सुट्टीत आणलेला टेपरेकॉर्डर देवळीखालच्या फळीवर असे, त्यावर मायने विणलेला रुमाल असे. दिवेलागणीला माय दिव्याला हात जोडायची आणि लगेच टेपचं बटण दाबायची. शेवटची कॅसेट मला आजही तोंडपाठ आहे. "बाबा, माय, मी बरा हाय. इथला अध्यक्ष लय चांगला माणूस हाय. गावोगावी लाईट देल्ली त्यानं, दवाखाने बांधले, पोरीबी शाळेत जातात. चौकाचौकात त्याचा फोटो हाय. कुठूनबी पाहा, तो आपल्याकडेच पाह्यते." मग आमच्या बैलांची चौकशी, माझ्या दहावीची चौकशी, आणि मग तो एकदम थांबायचा. टेप मात्र चालूच राहायची. त्या रिकाम्या टेपमध्ये कोणीतरी खाकरायचं. ते खाकरणं दिगूचं नव्हतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि खटकन सगळं बंद व्हायचं. माय ती रिकामी टेपही शेवटपर्यंत ऐकायची. सेल उतरले की दिगूचा आवाज जड आणि संथ व्हायचा, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा, आणि 'तो आपल्याकडेच पाह्यते' हे वाक्य संपता संपत नसे. मी कान झाकून घ्यायची. मायला तेही गोड लागायचं.

माझे बाबा, रामभाऊ, झडतीवाले म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. पोळ्याच्या दिवशी सगळ्यांचे बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणायची रीत आहे. एकाने यमक जुळवून चार ओळी फेकायच्या, शेवटी 'हर बोला हर हर महादेव' म्हणायचं, गावाने गजर करायचा, आणि समोरच्याने त्याला तसंच उत्तर द्यायचं. सरपंचापासून देशाच्या पंतप्रधानापर्यंत कोणाचीही खरडपट्टी काढायची मुभा तेवढी एक दिवस सगळ्यांना असते. बाबांसमोर टिकायचे ते एकटे शेषरावकाका, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. काकांचं किराणा दुकान होतं आणि दुकानात गावातला एकुलता एक टीव्ही. त्या टीव्हीवरच आम्हाला कळलं की अध्यक्षाने शेजारच्या देशावर फौज घातली आहे आणि आता जगभरच्या फौजा त्याच्यावर चालून जायच्या तयारीत आहेत. त्या दिवसापासून कॅसेट येणं बंद झालं.

दुकानाच्या फळीवर रोज संध्याकाळी दोघांची जुंपायची. "लाईट देल्ली, दवाखाने देल्ले, पोरी शिकवल्या," बाबा बोटांवर मोजत म्हणायचे. "असा माणूस लढाईले उभा राह्यला, तं काही कारण असनच ना!" शेषरावकाका साखरेच्या पुड्या बांधता बांधता मान हलवायचे. "अन याच्या आधीची लढाई? ती बी त्यानंच काढली होती. त्याच्याइरुद्ध बोलला तो माणूस संध्याकाळी घरी जात नाही म्हणतात. ज्याच्या फोटोले लोक भेतात, त्याचा कारभार चांगला कसा म्हणाव?" बाबा चिडायचे. "तुले कोणं सांगितलं? टीव्हीनं? माह्या पोरानं सोताच्या तोंडानं सांगितलं मले!" इथे काका बांधलेली पुडी गिऱ्हाईकाच्या हातात देऊन गल्ल्याकडे वळायचे. मला तेव्हाच कळत होतं, आणि मला वाटतं काकांनाही, की बाबा अध्यक्षाची बाजू घेतच नव्हते. अध्यक्ष चांगला असेल तर त्याच्या राज्यात दिगू सुखरूप असेल. अध्यक्ष वाईट ठरला तर दिगूचं काय, हा विचार बाबांना करायचाच नव्हता. म्हणून ते हट्टाने भांडत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकतात आणि त्यांना उद्याचं आवतन देतात. आमचे शेंद्र्या आणि पवळ्या गोठ्यात उभे होते. बाहेर चिखलाचा आणि ओल्या कडब्याचा वास, आत चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती. मायने बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे दरवर्षीचंच. पण मग ती गोठ्यातून बाहेर आली, अंगणाच्या कवाडाशी गेली आणि रिकाम्या गल्लीकडे तोंड करून तेच म्हणाली. "दिगू, आज आवतन घे बापू, उद्या जेवाले ये." गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या घरचं कुत्रं मात्र उठून बसलं आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत घशातल्या घशात गुरगुरायला लागलं. मी मायला आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली माणूस मावेना. बाया आणि पोरी आम्ही ओट्यांवर. त्या वर्षी कापसाच्या भावावर, रस्त्याच्या खड्ड्यांवर एकही झडती झाली नाही. बाबा डोक्याला फेटा बांधून पुढे आले आणि थेट अध्यक्षालाच हात घातला:

काळी माती, पांढरं सोनं, वखराले लावली धार,
अध्यक्षानं उजेड देल्ला गावाले दारोदार,
दिवा लावणाऱ्या हातावर कायले करता वार?
हर बोला हर हर महादेव!

गजर असा झाला की बैल बुजले. शेषरावकाकांनी मिशीवर हात फिरवला. त्यांचा आवाज बाबांसारखा खडा नव्हता, पण अक्षर अन् अक्षर ऐकू यायचं:

बैल सजवला, झूल टाकली, शिंगाले देल्ला रंग,
शाळा बांधून पोट्टेच धाडले कराले त्यानं जंग,
फळा कोरा, बाक रिकामे, सांग रामभाऊ सांग!
हर बोला हर हर महादेव!

या वेळी गजर झाला नाही. 'पोट्टे' म्हणताच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिगू आला असणार. सगळ्या गावाने बाबांकडे पाहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाबांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी शेंद्र्याची दोरी ओढून तोरण तोडायला लावलं. पोळा फुटला. बैल घरी आले, मायने त्यांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. एक ताट तिने दिगूचं वाढून ठेवलं होतं. ते कोणी जेवलं नाही आणि कोणी उचललंही नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे घराच्या दाराशी दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात. घरातलं सगळं वाईट रातोरात त्या फांद्यांत उतरतं अशी समजूत आहे. अमावास्येची रात्र असते ती, कोणी बाहेर पडत नाही. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे माणसं त्या फांद्या उपसून शिवेवर नेतात आणि तिकडे फेकतात. एकजण एकेका दुखण्याचं नाव घेतो आणि बाकीचे ओरडतात, 'घेऊन जाय गे मारबत!' मारबत म्हणजे गावाची इडापिडा उचलून नेणारी बाई. तिला कोणी पाहिलेलं नाही. एकदा शिवेपार टाकलेली फांदी परत आणायची नाही आणि येताना मागे वळून बघायचं नाही, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या फांद्या बांधायला सुतळी सापडली नाही म्हणून मायने दिगूच्या जुन्या सदऱ्याची चिंधी फाडली. एरवी एक फांदी बाबा नेत आणि एक दिगू. त्या वर्षी दिगूची फांदी माझ्या हातात आली.

शिवेवर धुकं होतं. पलीकडे लगेच जंगल सुरू होतं, पण ते दिसत नव्हतं, नुसतं पानांवरून टपटपणारं पाणी ऐकू येत होतं. माणसं कमरेपर्यंत दिसत होती. आवाज मात्र नेहमीसारखेच उत्साही होते. "खासी-खोकल्याले!" "घेऊन जाय गे मारबत!" "कपाशीवरच्या अळीले!" "घेऊन जाय गे मारबत!" कोणीतरी पोरगेलं ओरडलं, "अध्यक्षाले!" आणि लोक हसले आणि हसत हसत ओरडले, "घेऊन जाय गे मारबत!" मग शेषरावकाका म्हणाले, "त्याच्या लढाईले!" तेव्हा मात्र कोणी हसलं नाही, सगळे जीव तोडून ओरडले. आता बाबांची पाळी होती. त्यांना काय म्हणायचं होतं हे त्यांनी मला नंतर कितीदा तरी सांगितलं. त्यांना म्हणायचं होतं, माझ्या दिगूला घेऊन ये. शिवेवर कोणी काही मागत नाही, तिथे फक्त टाकायचं असतं, पण बाबांना वाटलं की ही बाई एवढं सगळं वाहून नेते तर येताना एक माणूस आणू शकेल. त्यांनी फांदी वर उचलली आणि रडवेल्या, चढ्या आवाजात म्हणाले, "माह्या दिगूले..."

आणि अख्खं गाव एका आवाजात ओरडलं, "घेऊन जाय गे मारबत!"

सवय हो, दुसरं काय! एक थांबला की दुसऱ्यांनी म्हणायचं, जन्मापासूनची जीभ वळलेली. कोणाच्या मनात काही नव्हतं. त्या आवाजात माझाही आवाज होता. ओरडून झाल्यावर सगळ्यांना कळलं. धुक्यात कोणीच हललं नाही. फांदी बाबांच्या हातातून गळून शिवेपार पडली होती, माझीही. जंगलाच्या बाजूने वाळल्या पानांवर पाय पडावा तसा आवाज आला आणि लांब लांब जात गेला. रानडुक्कर असेल. मी आजवर तेच म्हणत आले आहे, पण सगळा भादवा तोंडावर, पानं चिंब ओली, तिथे वाळली पानं कुठून आली याचं उत्तर मला सापडलेलं नाही. लोक परत निघाले. शेषरावकाका बाबांचा हात धरून चालत होते. कोणी मागे पाहिलं नाही.

घरी आल्यावर मायने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?" मला खोटं बोलता आलं नाही. तिने ऐकून घेतलं, हातातलं पीठ झटकलं, ताटं वाढली, बाबांना जेवायला बसवलं. भरदुपारी गाव जेवून आडवं झालं तेव्हा ती डोक्यावरून पदर घेऊन शिवेकडे गेली. मी ओट्यावरून तिला परत येताना पाहिलं. दिगूच्या सदऱ्याची चिंधी बांधलेल्या दोन्ही फांद्या तिने तान्ह्या लेकरासारख्या उराशी धरल्या होत्या. घराघरांतून बाया बघत होत्या. एक म्हातारी कळवळून ओरडली, "अवो, गावाची पिडा वापस कायले आणून राह्यली?" माय थांबली नाही. "पिडा असो का काही असो," ती म्हणाली, "माह्या लेकराचं नाव त्यात हाय." तिने फांद्या होत्या तशा दाराला परत बांधल्या.

त्यानंतर आमच्याकडे कोणी येईनासं झालं. कोणी भांडलं नाही, टाकून बोललं नाही. फक्त विरजण मागायला कोणी आलं नाही, पोरं आमच्या दारावरून पळत जायची, आणि कापूस वेचायच्या बाया बांधावर भाकरी खाताना आमच्यापासून जरा लांब बसायच्या. एकटे शेषरावकाका रोज संध्याकाळी यायचे. ओट्यावर बसायचे, उंबऱ्याच्या आत मात्र येत नसत. अध्यक्षाचं नाव दोघांनीही टाकलं. एकदा काका म्हणाले, "रामभाऊ, तोंडातून निंघून गेलं रे." बाबा म्हणाले, "माह्याबी." पुढे खरी लढाई सुरू झाली, टीव्हीवर काळ्या आभाळात पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या, तेव्हा काकांनी तो टीव्ही पोत्याने झाकून ठेवला. लोकांनी कितीही म्हटलं तरी उघडला नाही. आत माय रोज दिव्याला हात जोडून बटण दाबत होती. दारावरच्या फांद्या वाळून खडखड वाजत होत्या. वारा नसतानाही वाजायच्या. टेपमधल्या त्या खाकरण्याशी आणि या खडखडण्याशी माझा असा काही घोटाळा व्हायला लागला की कोणता आवाज घरातला आणि कोणता तिकडचा हे मला कळेनासं झालं. मला भीती वाटायची, उघड सांगते. मला वाटायचं, दिगू दाराशीच उभा आहे आणि गावाने त्याला न्यायला सांगितलंय म्हणून त्याला आत येता येत नाही.

तो आला तेव्हा जंगलात पळस फुलला होता, सगळी शीव लालभडक. एस.टी.तून उतरला, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, अंगावर कोणाचा तरी मोठा कोट. लढाईत अडकलेल्या मजुरांना कुठल्या कुठल्या छावण्यांतून फिरवून सरकारने आणलं होतं. माय किंचाळून धावली. बाबा कवाडाला धरून उभे राहिले. दिगू अंगणात आला, पण दारासमोर थांबला आणि फांद्यांकडे बघत म्हणाला, "हे कायले इथं?" मायने त्या ओढून काढल्या आणि चुलीत घातल्या. मग तो आत आला. हातपाय जागेवर होते, डोळे जागेवर होते. माय त्याच्या अंगावरून पुन्हा पुन्हा हात फिरवून बघत होती. गावही आलं त्या दिवशी, सगळं विसरून आलं, शेषरावकाका उंबरा ओलांडून आत आले आणि दिगूला मिठी मारून ढसाढसा रडले.

दिवेलागण झाली. सवयीने म्हणा, आनंदाने म्हणा, मायने बटण दाबलं. "बाबा, माय, मी बरा हाय. इथला अध्यक्ष लय चांगला माणूस हाय..." दिगू जेवता जेवता थांबला. त्याने मान वर केली आणि आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग हळूच विचारलं, "हा कोण बोलून राह्यला?"

बाबा हसले. "अरे, तूच ना बापू! तुह्या याच बोलण्यावर मी गावाशी भांडलो." दिगूने शेवटपर्यंत ऐकलं. खाकरण्याचा आवाज आला तेव्हा त्याचा हात ताटातच आखडला आणि तो पाठ ताठ करून बसला, कोणीतरी मागे उभं असल्यासारखा. खटका वाजल्यावर म्हणाला, "मी नोहे हा. मी असं कधी बोललोच नाही." आज मला कळतं की आवाज त्याचाच होता, शब्द मागे उभ्या असलेल्या माणसाचे होते. एवढंच. पण बाबांना ते त्याच क्षणी कळलं असावं. ते उठून बाहेर ओट्यावर गेले. त्यानंतर ते जगले तोवर पोळ्याला जात राहिले, बैल सजवत राहिले, पण झडती त्यांनी कधी म्हटली नाही.

दिगू शेतात जायचा, जेवायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. पूर्वीचा दिगू मला चिडवून रडवायचा, ताटातलं पळवायचा. हा समोरचं गुपचूप खायचा आणि भिंतीला पाठ लावून बसायचा. पुढच्या पोळ्याला माय दाराशी पळसाची फांदी बांधत होती, मी तिला सुतळी देत होते. दिगू आमच्या मागेच, आतल्या खोलीत बसला होता. मायने गाठ मारली, गल्लीच्या तोंडाकडे बघितलं आणि हाक मारली, "दिगू, आला का रे बापू?" मी म्हणणार होते, माय, अवो, तो आतच आहे. तेवढ्यात आतून, अगदी शांत आवाजात, दिगू म्हणाला, "येऊन राह्यलो, माय."

ती गेली तोवर दर पोळ्याला हे होत राहिलं. बाबा त्याआधीच गेले होते. मी लग्न करून पुसदला आले, नोकरी केली, मुलं मोठी झाली. आता पुन्हा कुठल्या तरी देशाचा कोणी अध्यक्ष लढाईला निघालाय आणि माझे मुलगे मोबाइलवर त्याच्या कारभाराचे वाभाडे काढतात, नाहीतर त्याला डोक्यावर घेतात. मी त्यांना एवढंच विचारते की तिकडे आपलं कोणी आहे का. ते हसतात. यंदा मी पोळ्याला माहेरी गेले होते. शेषरावकाकांच्या नातवाने तोरणाखाली त्या नव्या अध्यक्षावर झडती म्हटली, चांगली म्हटली, लोकांनी दणकून गजर केला. मी घरी आले. दिगू आता म्हातारा झालाय, एकटाच असतो, भिंतीला पाठ लावून बसलेला. मी दाराला फांद्या बांधल्या. गल्लीत उजेड कमी होत चालला होता. मला काय झालं कोण जाणे, मी गल्लीकडे तोंड करून विचारलं, "दिगू, आला का रे?"

मग मागून आवाज आला, "येऊन राह्यलो."

त्या रात्री मी दार उघडंच ठेवलं.